फाटकाची दुसरी किल्ली

अम्मीने चहाचा कप बशीत ठेवला, पर्समधला किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर टाकला आणि म्हणाली, "यात एक किल्ली कमी आहे."

रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. थोरली सून ताटं गोळा करत होती, मधली लेक सफरचंद सोलत होती, धाकटा खुर्चीतच पेंगत होता. थोरल्याने जुडगा हातात घेऊन चाचपला.

"कुठली हरवलीस?"

"हरवली नाही. तू दिलीच नाहीस. कब्रस्तानच्या फाटकाची."

थोरल्याचा हात जागच्या जागी थांबला. या घराचा रिवाज तसा साधा होता. अब्बांनी या परक्या देशात येऊन चौकात किल्ल्यांचं दुकान टाकलं तेव्हापासून घरातल्या कुणाच्याही दाराला नवीन कुलूप लागलं की पहिली जोडकिल्ली अम्मीची. अब्बा गेले, दुकान थोरल्याकडे आलं, रिवाज तसाच राहिला. त्या जुडग्यात तिन्ही मुलांच्या घरांच्या किल्ल्या होत्या, दुकानाची होती, मशिदीच्या मागच्या दाराची होती, एवढंच काय, धाकट्याच्या विमानतळावरच्या कपाटाचीही होती. धाकट्याने त्या वेळी बराच थयथयाट केला होता, पण दिली होती.

आणि कब्रस्तानचं कुलूप तर थोरल्याने स्वतःच्या हाताने बसवलेलं. त्या जागेसाठी त्याने नगरपालिकेचे उंबरे झिजवले होते. मशिदीच्या कमिटीचा तो अध्यक्ष. घरात थट्टेनेही सगळे त्याला अध्यक्षच म्हणत. वर्षानुवर्षं अर्ज, सभा, शेजारपाजाऱ्यांच्या तक्रारी, वर्तमानपत्रात उलटसुलट मजकूर, आणि शेवटी या वसंतात गावाच्या जुन्या दफनभूमीचा एक कोपरा मुसलमानांना मिळाला. वेगळं फाटक, वेगळं कुंपण. नगराध्यक्षबाईंनी फोटो काढून घेतला, पेढे नाहीत तर निदान बिस्किटं तरी वाटली गेली. तेव्हापासून जमातीत चार माणसं गेली होती. चारही माणसं पेटीत बंद होऊन विमानाने तिकडे गेली, जिथून पन्नास वर्षांपूर्वी सगळे आले होते. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "आमचं तर तिकडचंच ठरलेलं होतं." कब्रस्तान सगळ्यांना हवं होतं, फक्त पहिलं माणूस दुसऱ्याच्या घरचं हवं होतं. आणि त्या चारही पेट्यांच्या परवानग्यांसाठी धावपळ कुणी केली? अध्यक्षांनीच! सकाळी इथली जमीन मागायची आणि संध्याकाळी तिकडचं विमान गाठायचं, यात काही विसंगत आहे हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुला कशाला हवी ती किल्ली?" तो सावधपणे म्हणाला.

"पहिली जागा मला हवी आहे."

मधलीच्या हातातली सुरी ताटलीत पडली. ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती, रोज मरण बघायची, पण घरात तो विषय निघाला की तिच्या अंगावर काटा यायचा. "अम्मी, गुरुवारी तुझं ऑपरेशन आहे आणि तू हे काय अभद्र बोलतेस?"

"अभद्र काय त्यात? तीस वर्षं गावातल्या बायांची कफनं कापतेय मी. बाई मेली की पाच कपडे, मापं मला तोंडपाठ. दुसऱ्यांच्या वेळी अभद्र नव्हतं ते?"

हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वय बघता जोखीम आहे, पण घाबरण्याचं कारण नाही. मधलीने त्यातलं दुसरं वाक्य धरून ठेवलं होतं, थोरल्याने पहिलं, आणि अम्मीने दोन्ही ऐकून कामाला सुरुवात केली होती. गेला आठवडाभर तिने कपाट आवरलं, शेजारणीची भांडी परत केली, आणि आता ही जागेची गोष्ट काढली. गुरुवारच्या आत तिला शब्द हवा होता.

"तुझी जागा ठरलेली आहे," थोरला म्हणाला. "अब्बांच्या शेजारी. तिकडे गावात चाचांनी दगड लावून जागा राखून ठेवलीय. मी अब्बांना माती दिली ना, तेव्हाच त्यांना सांगितलं होतं, अम्मीला मी तुमच्याजवळ आणीन म्हणून."

"शब्द तू दिलास. झोपायचं मला आहे. मला विचारलं होतंस?"

थोरल्याने आधारासाठी बायकोकडे पाहिलं. ती या घरात आल्यापासून मोठ्यांच्या बोलण्यात कधी पडली नव्हती. तिने ताटं तशीच खाली ठेवली.

"अम्मींचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"तू पण?"

"माझी आई गेली तेव्हा तुम्ही तीन दिवस विमानाच्या मागे होतात. चांगलं केलंत, मी नाव ठेवत नाही. पण मला तिची माती फोनवर दिसली. तीही धड नाही, मध्येच रेंज गेली. आता ईदच्या दिवशी मी कुठे जाऊ?" एवढं बोलून तिने डोळे पदराने नव्हे, हातातल्या फडक्यानेच पुसले आणि ताटं घेऊन आत गेली.

मधली मात्र भावाच्या बाजूने उभी राहिली. दुकानाच्या वाटणीवरून दोघांचं वर्षभर बिनसलेलं, त्यामुळे थोरल्याला जरा नवलच वाटलं. "आणि अब्बा? ते तिकडे एकटेच पडून राहणार? भाई बरोबर बोलतोय. नवरा-बायकोची ताटातूट कशाला?"

"तुझे अब्बा हयात होते तेव्हा सकाळी सातला दुकानात जायचे, रात्री नऊला यायचे," अम्मी म्हणाली. "ताटातुटीची मला सवय आहे."

धाकटा खो खो हसला. मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं तशी त्याने सफरचंदाची फोड तोंडात टाकली.

इतका वेळ थोरल्याची मुलगी खिडकीपाशी फोनमध्ये काहीतरी शोधत होती. ती कायदा शिकत होती, आणि घरातल्या भांडणांवर हात साफ करून घ्यायची. "पप्पा, एक मिनिट," म्हणत तिने फोन टेबलावर ठेवला. फोनमधून थोरल्याचाच आवाज आला. नगरपालिकेच्या सभेतलं भाषण होतं ते. कुणा सदस्याने विचारलं होतं, तुम्ही लोक शेवटी तिकडेच परत जाता, मग जागा कशाला अडवता? त्यावर फोनमधला अध्यक्ष कडाडला, "आम्ही इथे पाहुणे नाही, साहेब! आमच्या वडिलांनी या गावाची कुलपं बसवली. आमच्या मुलांनी इथे पहिलं पाऊल टाकलं. आम्ही इथे जगलो, आम्हाला इथल्याच मातीत जायचंय!" मागे टाळ्यांचा कडकडाट.

"ते भाषण होतं!" थोरला ओरडला.

"म्हणजे खोटं होतं?" मुलीने विचारलं.

"बापाची उलटतपासणी घेतेस?"

"तिच्यावर कशाला डाफरतोस," अम्मी म्हणाली. "मी त्या सभेत मागे बसले होते. मला ते भाषण फार आवडलं. मी खरं मानलं."

थोरल्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. थोड्या वेळाने धाकटा मागून आला. विमानतळावर सामान चढवण्याचं काम करायचा तो. दुकान सोडून तिकडे गेला म्हणून थोरला अजून त्याच्यावर मनातून नाराज होता.

"भाई, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"आता रागवायला शिल्लक काय आहे? बोल."

"त्या चारही पेट्या मी चढवल्या."

थोरला वळला. "कधी बोलला नाहीस."

"काय बोलू? आपल्या माणसाची पेटी आली की पाळी दुसऱ्याची असली तरी मी मागून घेतो. परक्याने ढकलू नये म्हणून. एका बाजूला फुलांची खोकी, दुसऱ्या बाजूला मशिनचे भाग, मध्ये आपलं माणूस. ते शिंपीचाचा गेले ना, त्यांचं विमान धुक्याने अडकलं. दोन दिवस शेडमध्ये होते. सुट्टी झाली की मी शेजारी स्टूल टाकून कुराणातली यासीन वाचत बसायचो. मेलेल्याला थांबवू नका, लवकर मातीत द्या असं आपणच म्हणतो, आणि तिथे मी हवामानाचा अंदाज बघत बसलेला." त्याने खाली रस्त्याकडे पाहिलं. "अम्मीला मी चढवू शकणार नाही, भाई. दुसऱ्याला चढवूही देणार नाही. मग काय करणार मी, तूच सांग."

थोरल्याने कठडा घट्ट धरला. अब्बांना नेलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. तो वर खिडकीपाशी बसला होता आणि अब्बा खाली सामानात. हवाईसुंदरीने संत्र्याचा रस आणून दिला आणि त्याने तो पिऊन टाकला. तहान लागली होती, म्हणून प्यायला, त्यात काही गुन्हा नव्हता. पण इतक्या वर्षांत तो रस त्याने पुन्हा कधी तोंडाला लावला नव्हता, आणि का ते घरात कुणाला माहीत नव्हतं.

"आत जा," तो धाकट्याला म्हणाला. मग धाकटा जायला निघाला तेव्हा थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी फजरची नमाज झाल्यावर तो अम्मीच्या दारात हजर झाला. "चल, जागा तरी बघून घे. मग बोलू."

"गाडी नको," अम्मी म्हणाली. "बसने जाऊ."

"डॉक्टरांनी दगदग करू नकोस म्हटलंय."

"तुझ्या पोरीला येता येईल का ते बघायचंय मला. ती कुठे गाडी चालवते?"

बस थेट फाटकासमोर थांबली. अम्मीने थांब्याकडे, बाकाकडे, वरच्या छपराकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. कुलूप न वापरल्याने जड झालं होतं. थोरल्याने खिशातली तेलाची बारकी कुपी काढली, दोन थेंब सोडले, किल्ली फिरवली. आत नुसतं गवत. कमिटीने किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची दिशा धरून रोवलेल्या खुंट्या, त्यांना बांधलेली पांढरी दोरी, बाकी काही नाही. कुंपणापलीकडे गावाची जुनी दफनभूमी होती. तिथे एक म्हातारी झारीने फुलझाडांना पाणी घालत होती. तिने हात हलवला.

"नवीन आलात का?"

"अजून नाही," अम्मी म्हणाली. "बघायला आलेय."

म्हातारी मनापासून हसली. "माझे हे इथे नऊ वर्षं आहेत. हवेशीर आहे हो. ऊनही छान येतं. सकाळी मी असतेच इथे, कधीही या." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला, आणि दोघी इतक्या हसल्या की थोरल्याला अम्मीच्या छातीची काळजी वाटायला लागली.

त्याने मधोमध, झाडाखालची जागा दाखवली. अध्यक्षांच्या आईला शोभेल अशी. अम्मी तिथे थांबलीच नाही. ती दोरीच्या कडेकडेने चालत रस्त्याच्या भिंतीपर्यंत गेली. पलीकडे बस येण्याजाण्याचे आवाज येत होते, शाळेची मुलं भांडत होती.

"इथे. मला सुनसान आवडत नाही. आणि पोरगी बसमधून उतरली की लगेच."

"अम्मी." थोरला तिच्यामागे भिंतीपाशी आला. "अब्बांना मी काय सांगू?"

"तू कशाला सांगतोस? तुझ्या आधी मीच भेटणार आहे त्यांना. समजावीन मी. आयुष्यभर समजावलंय."

पण नुसतं अब्बांना दिलेलं वचन असतं तर त्याने एव्हाना मान तुकवली असती. आत वेगळंच काहीतरी सलत होतं, आणि ते त्याला स्वतःलाही आत्ता, या गवतात उभं राहून कळत होतं.

"तू इथे राहिलीस," तो हळूच म्हणाला, "तर मग मला परत जाता येणार नाही."

अम्मीने त्याच्याकडे वळून पाहिलं. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला, बोटांना पितळेचा वास असलेला तिचा मुलगा. तिला त्याची फार माया आली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाळा, तू परत कधी जाणार होतास? तीस वर्षं ऐकतेय, दोन वर्षांत जाऊ, दोन वर्षांत जाऊ. आणि दरवर्षी दुकानात एक नवीन फळी ठोकतोस. मागच्या महिन्यात ते मोठं मशिन घेतलंस, ते काय पाठीवर बांधून नेणार होतास? तिकडचं गाव मलाही आठवतं. पण तिकडे माझ्या कबरीवर कोण येईल रे? चाचा ऐंशीचे झाले. त्यांच्यानंतर दगडाला तरी कळेल का ही कोणाची कोण ते? जमीन सगळी अल्लाहची. माझी माणसं मात्र इथेच आहेत."

थोरला रडला. उघड्यावर, म्हातारीच्या देखत, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. म्हातारीने शहाणपणाने झारी उचलली आणि ती दुसऱ्या रांगेत गेली. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं, दोरी ओलांडली, अम्मीने दाखवलेल्या जागेशेजारी जाऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाला, "मग ही माझी."

"बायकोला विचार आधी," अम्मी म्हणाली. "नाहीतर पुन्हा परस्पर शब्द देऊन मोकळा होशील."

ऑपरेशनला सगळा गुरुवार लागला. मधली दवाखान्याचा पोशाख चढवूनही आत जायला धजली नाही. ती बाहेर बाकावर थोरल्याच्या शेजारी बसली, आणि वर्षभराचा अबोला त्या बाकावर कधी मिटला ते दोघांनाही कळलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि त्यांनी सांगितलं की नवीन झडप छान काम करतेय. धाकट्याने तिथेच कॉरिडॉरमध्ये जमिनीला माथा टेकून सजदा केला. एक वॉर्डबॉय त्याला वळसा घालून गेला.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजीनंतर थोरला मशिदीत उभा राहिला. या वेळी भाषण केलं नाही. म्हणाला, माझी आई बरी आहे, अल्हमदुलिल्लाह. आणि तिची वेळ येईल तेव्हा, अल्लाह ती लांबवो, पहिली कबर माझ्या घरची असेल. तिच्या शेजारची माझी, बायकोला विचारून सांगतोय. मशिदीत चुळबुळ झाली. कुणी मान हलवली, कुणी नाक मुरडलं. बाहेर जोडे घालताना बेकरीवाल्याने त्याला गाठलं आणि हळूच विचारलं, तिथे बस कितीला जाते हो?

रविवारी अम्मीला साध्या खोलीत आणलं. सगळे तिच्या खाटेभोवती जमले. तिचा चेहरा उतरलेला होता, पण नजर शाबूत होती. थोरल्याने खिशातून नवी कोरी पितळी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. रात्री बसून कानस मारून इतकी गुळगुळीत केली होती की बोट लावलं तरी खरखर लागू नये.

"घे. तुझ्या जुडग्यात घाल."

अम्मीने किल्ली प्रकाशात धरून पाहिली. अब्बांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचं काम होतं, खोट काढायला जागा नव्हती.

"मला कशाला?" ती म्हणाली. "मी काय आतून उघडणार आहे?"

धाकटा फिस्सकन हसला, मधली "हसवू नका तिला, टाके आहेत!" म्हणून ओरडली आणि स्वतःच हसत सुटली. अम्मीने किल्ली नातीच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटली.

"ही तू ठेव. यायचं तुला आहे."

कुणालाही उलट बोलल्याशिवाय न राहणाऱ्या मुलीने आपल्या किल्ल्यांची कडी बाहेर काढली. तिने आपल्या घराच्या किल्लीशेजारी ती किल्ली अडकवली.

"आणखी बनव," अम्मी थोरल्याला म्हणाली. "सगळ्यांना लागतील."

"बनवल्यात," थोरला म्हणाला. त्याने दुसऱ्या खिशात हात घातला आणि एकेकाला दिल्या. बायकोला, मधलीला, धाकट्याला. धाकट्याने ती खिशात घातली आणि खिशावरून हात काढलाच नाही.

अम्मीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"वापरायची घाई मात्र कोणी करू नका," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."